थंडीचा कारखानदार : कार्ल फॉन लिंडे

माझा एक मावसभाऊ नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे जर्मनीत म्युनिक शहरी राहतो. गेल्या दिवाळीत त्याने फोनच्या पडद्यावर आम्हा सर्वांना आपले घर दाखविले. दिवाणखाना झाला, स्वयंपाकघर झाले, आणि मग मोठ्या कौतुकाने त्याने कोपऱ्यातला एक जुना फ्रीज उघडला. आत ना दूध, ना भाजी! होते एक पोलादी पिंप, प्रेशर कुकरसारखे घट्ट झाकणाचे, वर दाब दाखविणारी तबकडी बसविलेले. त्यात स्वारीने घरीच आंबविलेली बीअर होती. माझ्या आईने लगेच विषय फराळाकडे वळविला. मावशी तर पडद्यासमोरून उठूनच गेली. मी मात्र चौकशी करीत राहिलो. आंबवून झाली, मग आता ही फ्रीजमध्ये कशासाठी? तो म्हणाला की दोन दिवस एक अंश उष्णतामानावर ठेवली की आंबवणारे यीस्ट खाली बसते आणि वरची बीअर नितळ होते. या युक्तीला तिकडचे हौशी लोक कोल्ड क्रॅश म्हणतात. पिंप दाबाखाली बंद ठेवायचे, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही.

वाचकहो, या लेखात बीअरचा महिमा गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. आमच्या वार्षिकाच्या संपादक-सरांनी तशी शंका घेऊ नये. पण त्या फ्रीजचे दार बंद झाल्यावर माझ्या मनात एक साधा प्रश्न राहून गेला. ही दोन दिवसांची थंडी, जी आज बटण दाबताच मिळते, ती पूर्वी कोठून आणीत? आग माणसाने हजारो वर्षांपूर्वी हस्तगत केली. लाकूड पेटवले की ऊब मिळाली. पण थंडी? ती देवाने हिवाळ्यात द्यायची आणि माणसाने घ्यायची, एवढाच व्यवहार होता. हा व्यवहार ज्यांनी बदलला त्या मोजक्या माणसांत कार्ल लिंडे हे नाव फार वरचे आहे. आणि त्यांच्याकडून हे काम करवून घेतले ते बीअरच्या कारखानदारांनी!

कार्लचा जन्म ११ जून १८४२ रोजी बव्हेरियातील बेर्नडॉर्फ नावाच्या खेड्यात झाला. वडील प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक. घरात नऊ भावंडे, त्यांत कार्ल तिसरा. वडिलांची बदली होत होत कुटुंब केम्प्टन या गावी स्थिरावले. मुलाने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. आपल्याकडे भिक्षुकाच्या मुलाला पोथी सोडून यंत्रशाळेत जायचे असेल तर घरात जे काही होते, ते तेथेही थोडेफार झाले असणार. पण अखेर वडिलांनी हट्ट सोडला आणि १८६१ साली कार्ल झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तेथे त्याला जे गुरू लाभले ते पाहून आजच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हेवा वाटावा. उष्णता आपण होऊन थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे कधीही जात नाही, हा निसर्गाचा नियम ज्यांनी नेमक्या शब्दांत बांधला ते रुडॉल्फ क्लाउझिउस तेथे शिकवीत होते. वाफेच्या यंत्रांचे गणित मांडणारे गुस्टाव्ह त्सॉयनर होते. यंत्ररचनेचे मोठे अभ्यासक फ्रान्त्स रूलो होते. आणि असे गुरू असतानाही कार्लला पदवी मिळाली नाही! १८६४ साली विद्यार्थ्यांच्या एका निषेधात तो सामील झाला आणि त्याला संस्थेतून काढून टाकण्यात आले. आमच्या वर्गातील काही चळवळ्या मित्रांना हे वाक्य फार आवडेल याची मला कल्पना आहे. त्यांनी पुढचेही वाचावे. काढून टाकलेल्या या मुलाला रूलोंनी वाऱ्यावर सोडले नाही. त्यांनी खटपट करून केम्प्टनजवळच्या एका सूतगिरणीत त्याला उमेदवारी मिळवून दिली. गुरुजनांपैकी एकाचा तरी आपल्यावर विश्वास असला की पदवीवाचूनही गाडी पुढे सरकते.

सूतगिरणीतून तो बर्लिनला बोर्झिगच्या आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या कारखान्यात गेला. तेथून म्युनिकला गेओर्ग क्राउस यांच्या नव्या कारखान्यात तांत्रिक विभागाचा प्रमुख झाला. वय २४. त्याच वर्षी, १८६६ मध्ये, हेलेने ग्रिम या मुलीशी त्याचे लग्न झाले. पुढे त्यांना सहा मुले झाली आणि संसार पन्नासहून अधिक वर्षे सुखाने चालला. चरित्रकाराला यात फारसे लिहिण्याजोगे सापडत नाही, ही मी त्या जोडप्याची स्तुतीच समजतो.

१८६८ साली म्युनिकमध्ये नवी पॉलिटेक्निक संस्था निघाली आणि तेथे पदवी नसलेला हा तरुण २६ व्या वर्षी अध्यापक झाला. चार वर्षांनी पूर्ण प्राध्यापक. आता आपणही अरे-तुरे सोडून अहो-जाहोवर यायला हवे! लिंडे यांनी तेथे यंत्रांची प्रयोगशाळा उभी केली. फळ्यावर खडूने शिकविलेले यंत्र विद्यार्थ्याने हाताने चालवूनही पाहावे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या विद्यार्थ्यांत रुडॉल्फ डिझेल नावाचा एक हुशार मुलगा होता. उष्णतेच्या इंजिनात इंधनाची किती नासाडी होते हे त्याने लिंडे यांच्या व्याख्यानांत ऐकले आणि तो त्याच विचाराने झपाटला. शिक्षण संपल्यावर त्याने लिंडे यांच्याच बर्फयंत्रांच्या धंद्यात पॅरिसला नोकरी धरली. आज रस्त्यावरच्या बहुतेक ट्रकच्या इंजिनांना त्याचे नाव आहे.

आता थोडे बीअरकडे वळू, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, गरम पाण्यात त्यातील साखर उतरवायची, हॉप नावाच्या वेलाची कडू फुले घालून उकळायचे, निववायचे आणि यीस्ट घालून आंबवायचे. ही झाली बीअर. यीस्ट म्हणजे सूक्ष्म जीव. ते साखर खातात आणि मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडतात. आपल्या घरातही हे चालते. इडलीचे पीठ फुगते ते अशाच जीवांच्या कृपेने. ते उन्हाळ्यात चार तासांत फुगते आणि डिसेंबरात रात्रभर ठेवूनही बसून राहते, हे घरोघर माहीत आहे. थंडीत हे जीव आळसावतात.

परंतु बव्हेरियातील बीअर करणाऱ्यांनी काही शतकांच्या अनुभवातून असे यीस्ट जोपासले होते की जे थंडीतच, आठ-दहा अंशांवर, सावकाश काम करी आणि काम संपले की तळाशी बसे. मग ती बीअर पिंपांत भरून जवळजवळ गोठणबिंदूच्या आसपास कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने ठेवीत. जर्मन भाषेत साठवून ठेवण्याला जो शब्द आहे त्यावरूनच लागर हे तिचे नाव पडले. या मुक्कामात काय होई? साखर संपल्यामुळे वायूचे बुडबुडे थांबत, म्हणजे द्रव ढवळला जाणे थांबे. थंडीने उरलेसुरले यीस्ट निपचित होऊन एकमेकांना चिकटे आणि जड होऊन खाली जाई. धान्यातील प्रथिने आणि हॉपमधील तुरट द्रव्ये एरवी विरघळलेली असतात. थंडीत ती एकत्र येऊन धुरकट दिसू लागतात आणि तीही हळूहळू बसतात. पावसाळ्यात विहिरीच्या गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवी आणि सकाळी हंडा निवळलेला असे. येथे तुरटीचे काम थंडी करते, एवढाच फरक.

शेवटी शेवटी पिंपाचे बूच घट्ट ठोकीत. त्यामुळे शेवटचा वायू आतच कोंडून बीअरमध्ये विरघळे. हा वायू उष्ण द्रवात कमी विरघळतो आणि थंडात जास्त. २० अंशांपेक्षा शून्य अंशावर सुमारे दुप्पट. गरम झालेली सोड्याची बाटली उघडली की अर्धी अंगावर येते आणि थंड बाटली शहाण्यासारखी वागते, ती यामुळेच. माझ्या मावसभावाचे दाबाचे पिंप म्हणजे त्या बूच ठोकलेल्या लाकडी पिंपाचा पोलादी नातूच म्हणायचा. त्याने एक गोष्ट आवर्जून सांगितली. पिंप थंड होऊ लागले की आतला वायू बीअरमध्ये शिरतो आणि आकसतोही. तबकडीवरचा काटा उतरू लागतो. अशा वेळी पिंप साधे असेल तर ते बाहेरची हवा आत ओढून घेते, आणि हवेतला ऑक्सिजन लागला की बीअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून आधीच पुरेसा दाब ठेवायचा, किंवा थंड होत असताना सिलिंडरमधून कार्बन डाय-ऑक्साइड सोडीत राहायचा. कारखान्यांतल्या मोठमोठ्या टाक्यासुद्धा आत पोकळी निर्माण होऊन बाहेरच्या हवेच्या दाबाने चिरडल्या गेल्याची उदाहरणे आहेत. थंडी ही दिसायला गरीब, पण ताकदीने मोठी.

असो. तर ही थंडी उन्हाळ्यात आणायची कोठून? १५५३ सालच्या बव्हेरियाच्या आज्ञेने सेंट जॉर्जच्या दिवसापासून सेंट मायकेलच्या दिवसापर्यंत, म्हणजे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, बीअर करण्यालाच बंदी घातली होती, कारण उन्हाळ्यातली बीअर नासे. पुढे कायद्याचा जाच गेला तरी उन्हाळ्याचा जाच राहिलाच. बीअरवाले टेकडीच्या पोटात खोल तळघरे खणीत, हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून गाड्या भरभरून आणीत आणि तळघरांत रचून ठेवीत. तळघरावर ऊन पडू नये म्हणून वर चेस्टनटची दाट झाडे लावीत. एवढे करून हिवाळा सौम्य गेला तर सगळे मुसळ केरात! बर्फाचा व्यापार त्या काळी जगभर होता. अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ १८३३ साली बोस्टनहून जहाजाने थेट कलकत्त्याला उतरला होता आणि पुढे मुंबईतही तो साठविण्यासाठी बर्फाचे कोठार उभे राहिले होते. अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून आलेला तो बर्फ साहेबाच्या आणि शेठजींच्या पेल्यात पडे. बाकीच्यांना माठ आणि वाळ्याचे पडदे होतेच.

लिंडे यांचे लक्ष थंडीकडे गेले ते मात्र बीअरमुळे नव्हे. मेणासारखे पॅराफिन थंड करून त्याचे स्फटिक पाडण्याचे यंत्र सुचवा, अशी एक बक्षिसाची स्पर्धा त्यांच्या वाचनात आली. त्यांनी विचार केला तेव्हा त्यांना आढळले की बर्फ करणारी यंत्रे निघाली आहेत, पण त्यांत शक्ती किती लागायला हवी आणि प्रत्यक्षात किती लागते, याचा हिशेब कोणी नीट मांडलेलाच नाही. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. थंडीचे यंत्र करणारे लिंडे पहिले नव्हेत. जेकब पर्किन्स यांनी १८३४ सालीच इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले होते. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन आणि फ्रान्समध्ये फेर्दिनाँ कारे यांनी चालती यंत्रे विकलीही होती. काही लोकप्रिय पुस्तकांत फ्रीजचा जनक म्हणून एकट्या लिंडे यांचे नाव देतात, ते बरोबर नाही. लिंडे यांचे मोठेपण वेगळे आहे. इतरांनी यंत्र करून पाहिले. लिंडे यांनी आधी क्लाउझिउस यांच्या नियमाने हिशेब केला आणि मग यंत्र केले.

हिशेब असा : उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे जात नाही, पण आपण श्रम केले तर तिला तसे नेता येते. हातावर स्पिरिट सांडले की ते उडताना गार वाटते, कारण उडायला लागणारी उष्णता ते हातातून घेते. तसाच एखादा सहज उडणारा द्रव नळ्यांत उडू द्यायचा, म्हणजे तो सभोवारची उष्णता शोषून घेईल. झालेला वायू पंपाने दाबायचा. सायकलचा पंप मारताना तो तापतो, तसा हा वायूही तापेल. त्यावर पाणी सोडून त्याची उष्णता काढून घेतली की दाबाखाली त्याचा पुन्हा द्रव होईल. तो द्रव पुन्हा उडू द्यायचा. असे हे रहाटगाडगे. पाण्याऐवजी येथे उष्णतेचे पोहरे भरभरून बाहेर ओतायचे.

हे सारे लिंडे यांनी १८७० आणि १८७१ साली बव्हेरियाच्या एका उद्योगविषयक नियतकालिकात लिहिले. असले लेख कोण वाचतो असे आपल्याला वाटते. तो वाचला आउगुस्ट डाइगलमायर यांनी. हे गृहस्थ ऑस्ट्रियातल्या ड्रेहर या मोठ्या बीअर कारखान्याचे व्यवस्थापक. ड्रेहरची एक शाखा एड्रियाटिक समुद्रकाठी त्रिएस्त या गरम हवेच्या बंदरात होती आणि तेथे बीअर आंबविण्याच्या खोल्या गार राखताना त्यांच्या नाकी नऊ येत. त्यांनी प्राध्यापकमहाशयांना गाठून विचारले की हे कागदावरचे यंत्र आम्हाला करून द्याल का? दुसरा पाठीराखा मिळाला तो म्युनिकच्याच श्पाटेन कारखान्याचा मालक गाब्रिएल झेडलमायर. याची एक मौज सांगण्यासारखी आहे. तरुणपणी १८३३ साली हा झेडलमायर आणि थोरला आंटोन ड्रेहर हे दोघे मित्र इंग्लंड-स्कॉटलंडचे कारखाने पाहायला गेले होते आणि पोकळ काठीत लपवून तेथील आंबणाऱ्या बीअरचे नमुने चोरून आणीत व रात्री मुक्कामाच्या खोलीवर तपाशीत! चाळीस वर्षांनी तोच माणूस एका प्राध्यापकाच्या प्रयोगासाठी आपला कारखाना मोकळा करून देतो. विद्या चोरणाऱ्यालाही विद्येची किंमत कळत असते, असे म्हणावे काय?

पहिले यंत्र आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात तयार झाले आणि १८७४ च्या जानेवारीत श्पाटेनमध्ये चालू करून पाहण्यात आले. ते चालले, पण ते कटकटीचे निघाले. त्यात मेथिल ईथर वापरले होते. ते सहज पेट घेणारे. पंपाचा दांडा जेथे आतबाहेर करतो तेथून ते गळे. गळती रोखायला लिंडे यांनी पाऱ्याचे बंधन योजले होते, तेही टिकेना. म्हणजे वर्गात जे यंत्र अचूक होते त्याचा घात केला तो दांड्याभोवतीच्या बोटभर फटीने. मला या चरित्रातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. लेखात चूक नव्हती, गणितात चूक नव्हती, तरीही यंत्र नापास. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की सिद्धांत मी दिला, आता मिस्त्रीने बघावे. लिंडे स्वतः पुन्हा आराखड्याला बसले. त्यांनी ईथर टाकून दिले आणि अमोनिया घेतला. तो डोळ्यांतून पाणी काढणारा, पण ईथरसारखा सहज भडकत नाही, आणि साध्या दाबाखाली उणे ३३ अंशांवरच उकळत असल्याने थंडीच्या कामाला उत्तम. दांड्याभोवतीची सारी रचना त्यांनी नव्याने केली. १८७७ साली असे नवे यंत्र त्रिएस्तच्या ड्रेहर कारखान्यात बसले आणि ते १९०८ सालापर्यंत, म्हणजे तीस वर्षांवर, काम करीत राहिले.

या यशानंतर लिंडे यांच्यापुढे खरी परीक्षा आली. कारखान्यांकडून विचारणा येऊ लागल्या. शिकवायचे की यंत्रे करायची? वय ३७, पदरी मोठे कुटुंब, हाती सरकारी प्राध्यापकाची जन्माची नोकरी, समाजात मान. व्यापाराचा दिवस कोणता येईल ते सांगता येत नाही, शिवाय त्या वर्षांत जर्मनीत मंदी होती. आपल्यापैकी किती जणांनी, आणि आपल्या घरच्यांपैकी किती जणांनी, ही उडी घेऊ दिली असती? १८७९ साली लिंडे यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला आणि वीसबाडेन येथे बर्फयंत्रांची कंपनी काढली. भागीदारांत बीअरवाले होते, यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुत्स होते, आणि त्यांचे जुने मालक क्राउसही होते.

पहिली वर्षे बेताची गेली. मग निसर्गच मदतीला आला. १८८३-८४ चा हिवाळा मध्य युरोपात इतका सौम्य गेला की तळी धड गोठलीच नाहीत. बर्फाची तळघरे रिकामी राहिली आणि बीअरवाल्यांचे धाबे दणाणले. यंत्र नको, आमचा तळ्यातला बर्फ बरा, असे म्हणणारे लोक आता लिंडे यांच्या दारी उभे राहिले. १८९० पर्यंत कंपनीची ७४७ यंत्रे विकली गेली. बीअरपाठोपाठ खाटीकखाने, लोण्याचे कारखाने आणि शहरांची बर्फघरे यांनीही यंत्रे घेतली. बर्फ कापणाऱ्या, वाहणाऱ्या गरीब मजुरांचा हिवाळ्यातला धंदा मात्र यामुळे हळूहळू बुडाला. त्यांची नावे कोणत्याच चरित्रात नाहीत, म्हणून येथे निदान उल्लेख करून ठेवतो.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर लिंडे यांनी कंपनीचे रोजचे काम दुसऱ्यांवर सोपविले आणि ते म्युनिकला परतले. पुन्हा थोडे शिकवू लागले. आता त्यांना आणखी खाली जायचे होते. शून्याखाली तीस-चाळीस नव्हे, तर जेथे खुद्द हवेचेच पाणी होते तेथपर्यंत. दाबलेला वायू बारीक छिद्रातून सोडला की तो किंचित थंड होतो, असे जूल आणि टॉमसन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी चाळीस वर्षांपूर्वी दाखविले होते. (हा जूलही बीअर कारखानदाराचाच मुलगा, हे वाचून मी चाटच पडलो.) हवेच्या बाबतीत ही घट फार थोडी, दर वातावरणाच्या दाबामागे अंशाचा सुमारे चौथा भाग. एवढ्याने काय होणार? लिंडे यांनी अशी तजवीज केली की छिद्रातून सुटून थंड झालेली हवा परत जाताना येणाऱ्या हवेच्या नळीला बिलगून जावी आणि तिला गार करावी. ती गार हवा सुटली की आणखी गार. पुन्हा परत, पुन्हा आणखी गार. चक्रवाढ व्याजाचाच प्रकार! १८९५ च्या मे महिन्यात या यंत्रातून निळसर झाक असलेली द्रवरूप हवा वाहू लागली. इंग्लंडात विल्यम हॅम्पसन यांनीही जवळजवळ त्याच वेळी तीच युक्ती शोधली होती, तेव्हा श्रेय दोघांचे आहे.

द्रवरूप हवेचा उपयोग काय? नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो आणि ऑक्सिजन उणे १८३ वर. तेव्हा दारू गाळणारे जसे ऊर्ध्वपातनाने मद्यार्क पाण्यापासून वेगळा करतात, तसेच हवेतून हे दोन वायू वेगळे करता येतील. १९०२ साली लिंडे यांनी शुद्ध ऑक्सिजन काढला आणि पुढच्या वर्षी नायट्रोजन. येथे त्यांच्या कामाला दोन फाटे फुटले. नायट्रोजनपासून पुढे अमोनिया झाला, त्याची खते झाली आणि पहिल्या महायुद्धात स्फोटकेही झाली. द्रवरूप ऑक्सिजनमध्ये कोळशाची पूड भिजवली की भयंकर स्फोटक तयार होते, हे तर लिंडे यांनीच १८९५ च्या सुमारास शोधले होते. दुसरा फाटा आपल्या परिचयाचा आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राला ऑक्सिजन अपुरा पडला, तेव्हा विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप ऑक्सिजनचे टँकर रेल्वेवर चढवून नागपूर आणि नाशिकला आणले गेले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका घरासाठी आम्ही चार मित्र दोन दिवस सिलिंडर शोधीत हिंडलो. मिळाला, पण उशिरा. त्यावेळी ऑक्सिजन कसा करतात याचा विचार मनात आला नव्हता. या लेखासाठी वाचन करताना कळले की हवा गोठवण्याइतकी थंड करून, तिचे पाणी करून, तो वेगळा काढतात, आणि ही वाट ज्या माणसाने मोठ्या प्रमाणावर घालून दिली त्याने सुरुवात केली होती बीअरच्या तळघरापासून. घरी आल्यावर मी मावशीला हे सांगितले. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर तिने भाच्याच्या पिंपाविषयी वाकडे बोलणे सोडले आहे.

१८९७ साली बव्हेरियात लिंडे यांना सरदारकी मिळाली आणि नावामागे फॉन लागले. १९०३ मध्ये म्युनिकच्या प्रसिद्ध जर्मन संग्रहालयाच्या स्थापनेत ओस्कार फॉन मिलर यांच्या बरोबरीने त्यांचा वाटा होता. १९१० पासून त्यांनी कामकाज हळूहळू मुलांवर आणि जावयावर सोपविले आणि १९१६ साली आपल्या जीवनाविषयी व कामाविषयी एक पुस्तक लिहिले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या कंपनीची परदेशांतली मालमत्ता गेली. अमेरिकेतील शाखा तर कायमचीच हातची गेली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे बघावे लागले. त्यानंतर पत्नीही गेली. १६ नोव्हेंबर १९३४ रोजी म्युनिक येथे वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मावसभाऊ सांगतो की म्युनिकमध्ये जुन्या तळघरांवरची चेस्टनटची झाडे अजून आहेत. खाली आता बर्फ कोणी रचीत नाही; यंत्रे आल्यावर त्या सावलीची गरज उरली नाही. पण झाडे कोणी तोडली नाहीत. त्यांच्याखाली लाकडी बाकडी टाकलेली असतात आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी म्हातारेकोतारे, मुलेबाळे, सारे तेथे येऊन बसतात. घरून डबा आणायलाही परवानगी असते. तो कधीकधी थालीपीठ घेऊन जातो.